चार स्क्रू

८ नोव्हेंबर

धावलं! मशीन पूर्ण ताणावर धावलं आणि एकाहत्तर अंशांच्या वर गेलं नाही! गॅरेजमध्ये धाकट्या रेल्याला उचलून गरागरा फिरवला, त्याचं डोकं ट्यूबलाइटला आपटलं. "सोड ना भावा, जनावर आहेस का!" ओरडत होता आणि हसत होता. एकोणतीस वर्षांचा घोडा झालाय, पण वजन अजून कोंबडीएवढं.

शेवटचा अर्धा फेरा मीच दिला होता प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या ब्लॉकच्या स्क्रूंना, तो नको नको म्हणत असताना. ते लिहून ठेवतो.

पंचवीसला बेलग्रेडला कॉम्प्युटर पळवण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी. सगळे आपापली मशीनं घेऊन येणार, प्रोसेसरला त्याच्या मर्यादेच्या पार पळवायचं, ज्याचा जळला नाही आणि सगळ्यांत पुढे गेला तो जिंकला. काल जेवताना रेल्याने आईसमोर शब्द दिलाय. पहिल्या तिघांत आलो तर ऑस्ट्रियात ग्राट्सला मिळालेली नोकरी नाकारतो, इथंच चाचाकला राहतो, आपण दोघं मिळून दुकान काढू. नाही आलो तर डिसेंबरात ऑस्ट्रिया. आईने पटकन छातीवर क्रुसाची खूण केली. बोलायचं कशाला, करून दाखवू.

बाप मेला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. मी वाढवला. कोण ते ऑस्ट्रियावाले त्याला घेऊन जाणारे? एकेकाच्या तंगड्या तोडीन.

१० नोव्हेंबर

ब्लागोयेच्या दुकानात आमच्यासाठी नवा प्रोसेसर आलाय. निवडून काढलेला, जुन्यापेक्षा जास्त पळणारा. ब्लागोयेने तो रेल्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वुले, तू मात्र हात लावू नकोस रे बाबा. तू ट्रकवाला माणूस. तू बिस्किटाचा पुडापण पान्याने उघडतोस." दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. मनात त्याचं नाक मोजून ठेवलं.

११ नोव्हेंबर

स्लावासाठी डुक्कर कापलं. अंगणातच. रेल्याला मागचे पाय धरायला लावले, तर त्याने डोळे मिटून घेतले, पाय सुटला आणि लाथ बसली माझ्या बरगडीत. "बाजूला हो, बाई!" म्हणून ढकलला त्याला चिखलात. मग एकट्यानेच गुडघा घातला डुकराच्या मानेवर. सुरा एकदाच. रक्त कोपरापर्यंत, गरम. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? डोकं एकदम शांत झालं.

निम्मं धुराड्यात टांगलं, निम्मं फ्रीजरमध्ये. एकवीसला स्लावा, आमच्या घराण्याच्या संताचा दिवस. बोलावणं कुणालाच नसतं. दार उघडं टाकायचं, येईल त्याला पोटभर खाऊ घालायचं. दारात वैरी उभा राहिला तरी त्यालाही खुर्ची. बाप एवढा मारकुटा, पण स्लावाच्या दिवशी त्याने कधी हात उचलला नाही. दुसऱ्या दिवशी भरून काढायचा.

पूर्वेच्या भिंतीवरची तसबीर पुसली. तलवार उपसलेला देवदूत. ती तसबीर थोरल्याकडे राहते, आणि ती जिथे तिथे स्लावा. म्हणून यजमान मी.

१२ नोव्हेंबर

नवा प्रोसेसर बसवला. म्हणजे भांडत भांडत बसवला.

प्रकार काही मोठा नाही. प्रोसेसरच्या डोक्यावर पेस्टचा ठिपका, त्यावर तांब्याचा ब्लॉक. ब्लॉकच्या पोटातून पाणी फिरणार आणि उष्णता घेऊन रेडिएटरकडे जाणार. ब्लॉक दाबून धरायला चार कोपऱ्यांत चार स्क्रू, प्रत्येकावर एक स्प्रिंग. बस. मी आयुष्यभर ट्रकची इंजिनं उघडतोय आणि हा मला चार स्क्रू शिकवतो!

"आधी हा थोडा, मग तिरका समोरचा. मग हा, मग त्याच्या समोरचा. एका दमात नाही. स्क्रू अडला की थांबायचं."

"आणि ढिला राहिला तर?"

"राहत नाही. स्प्रिंग त्यासाठीच असते."

"ज्याच्या मनगटात दम नाही त्याला लागते स्प्रिंग."

"भावा, हे ट्रकचं इंजिन नाही. याचा गळा दाबायचा नसतो."

शेवटी त्यानेच बसवला. मला बॅटरी धरायला दिली. मी या घराचा कर्ता, आणि बॅटरी धरून उभा! हात इतके शिवशिवत होते की उजेड हलत होता.

नळ्या जोडल्या, टाकी भरली, नुसता पंप चालू केला. बाकी मशीन बंद. परवापर्यंत फक्त पाणी फिरू द्यायचं, आतले बुडबुडे निघू द्यायचे. सांध्यांखाली कागदी रुमाल ठेवलेत, गळलं तर कळायला. टाकीचं झाकण रेल्याने उघडंच ठेवलंय, हवा जायला. बुडबुडे निघाले तसं पाणी बोटभर खाली गेलं. "उद्या भरू," म्हणाला आणि सेन्काकडे पळाला. सेन्का म्हणजे त्याची मैत्रीण. स्टेशनमागे एका खोलीत राहते. मला बघितलं की पर्स छातीशी धरते, जसा काही मी चोर.

१३ नोव्हेंबर

पाद्री येऊन गेला, स्लावाआधीचं पाणी मंतरायला. दरवर्षीचंच. मोठ्या वाडग्यात पाणी, मेणबत्ती, तुळशीची वाळकी जुडी. मंत्र म्हणून झाल्यावर जुडी पाण्यात बुडवली आणि घरभर शिंपडत सुटला. स्वयंपाकघर, खोल्या, कोबी मुरवायचं पिंप, फ्रीजरमधलं डुक्करसुद्धा सोडलं नाही. मग गॅरेजकडे वळला! मी दारात आडवा झालो.

"इथे नको."

"वुकाशिन, आशीर्वादाने काही बिघडत नाही."

"विजेचं काम आहे, बाबा. एक थेंब जरी उडाला ना, तर ती दाढी धरून —"

आईने दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. पाद्री हसला, राकिया दारूचा ग्लास रिकामा केला आणि गेला. उरलेलं पाणी आईने बाटलीत भरून ठेवलं. स्लावाच्या पावाचं पीठ त्यातच मळतात.

संध्याकाळी गॅरेजमध्ये डोकावलो. टाकी काठोकाठ. रेल्याने भरली असणार. चला, न सांगता एक तरी काम केलं.

१४ नोव्हेंबर

शंभर अंश!!

चालू केलं, ताण दिला आणि बघता बघता आकडा शंभरवर. मशीनने घाबरून स्वतःचा वेग निम्म्यावर आणला. "बंद कर! बंद कर!" रेल्या ओरडत होता.

ब्लॉक काढला. पेस्ट कशी पसरलीय ते रेल्या नाकाजवळ नेऊन बघत बसला. "ठसा चांगला आहे. चारी कोपऱ्यांत सारखा. बसवण्यात खोट नाही, भावा."

"मग काय माझ्यात खोट आहे?"

पुसलं, पुन्हा बसवलं. शंभर. पेस्ट कमी लावली. शंभर. जास्त लावली. शंभर! चौथ्यांदा आकडा वर चढला तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला पाना भिंतीवर भिरकावला. रेल्या खाली वाकला म्हणून वाचला. बापाचा चामडी पट्टा अजून तिथेच खिळ्याला आहे, तो धप्पकन खाली पडला.

आई कॉफी घेऊन दारात आली होती. ट्रे तसाच घेऊन मागे फिरली.

१५ नोव्हेंबर

सकाळी थेट ब्लागोयेकडे. "खोटा प्रोसेसर गळ्यात मारलास!" तो म्हणाला, "आधी ओरडणं बंद कर, मग —" मोजून ठेवलेलं नाक कामाला आलं. एकच बुक्की. काउंटरवर रक्त, काचेवर रक्त, एक गिऱ्हाईक दारातूनच परत. ब्लागोये रुमाल धरून खाली बसला आणि नाकातून बोलत होता: "जुना टाकून बघ, गाढवा. जुना टाकून बघ. जुनापण तापला तर दोष माझा नाही."

घरी आलो. जुना बसवला. शंभर.

आठ तारखेला हाच जुना प्रोसेसर, हाच ब्लॉक, हेच चार स्क्रू, एकाहत्तर. आज शंभर. मग मधे बदललं काय? बसवणारा हात बदलला! तेव्हा शेवटचा फेरा माझा होता. आता रेल्याचा.

रेल्याने रेडिएटरला हात लावला. "हा तर थंडगार आहे. म्हणजे गरम पाणी इथवर पोचतच नाहीये. आत कुठेतरी अडतंय. ब्लॉक उघडून बघू."

"थंड आहे कारण ब्लॉक प्रोसेसरला टेकतच नाहीये. ढिला आहे. तू ढिला ठेवलायस."

"ठसा बघितलास ना तू?"

"ठसा गेला चुलीत."

त्याने माझ्याकडे असं बघितलं — लहानपणी बाप घरात आला की बघायचा तसं. मला ते आवडलं नाही. रागच आला.

ब्लॉक उघडायचा म्हणे! उघडला की त्याचं रबराचं सील जाणार, मग गळणार, मग हा खांदे उडवून म्हणणार, जाऊ दे भावा, पंचवीसचं विसर. मी ओळखतो ही नाटकं. उघडू देणार नाही.

१६ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी रेल्या गॅरेजमागे फोनवर बोलत होता, दबक्या आवाजात, जर्मनमधून. मला जर्मन येत नाही. पण ग्राट्स कळतं. डिसेंबर कळतं. आणि फोन ठेवल्यावर त्याने असा श्वास सोडला, जसा मोठा भार उतरला. तेव्हाच सगळं लख्ख दिसलं. त्याला राहायचंच नाही! शब्द देऊन बसलाय म्हणून मशीनच मारतोय. स्क्रू ढिले ठेवतोय!

आत आला तर म्हणतो, "भावा, आता तरी ब्लॉक उघडू दे. त्याच्या झाकणाला सहा स्क्रू आहेत, पाच मिनिटांचं काम."

"कुणाशी बोलत होतास?"

"सांगीन. आत्ता नाही."

"आत्ता सांग."

"स्लावाच्या दिवशी सांगीन म्हटलं ना! दरवेळी तुझ्या गुडघ्याखाली मान द्यायची का माणसाने?"

मुस्काटात दिली. तो टेबलावर पडला, उठला, आणि चक्क मला मारलं! त्या कोंबडीच्या हाताने, कानावर. मग मला काही दिसेनासं झालं. त्याला भिंतीवर आपटला. दोन. तीन. तो ब्लॉककडे हात नेत होता, कशाला कोण जाणे, स्वतःला वाचवायला धरत असेल. मला वाटलं उपटतोय. तो हात धरला आणि पिरगळला. "सोड! सोड, वुले, तुटेल!" मला ऐकू येत होतं. मी सोडला नाही. कड् असा आवाज झाला. क्षणभर वाटलं, मशीनचा बोर्ड गेला. आधी बोर्डाकडे बघितलं. मग त्याच्या मनगटाकडे.

आई दारात होती, हातात पिंपातलं कोबीचं पान. तोंड उघडलं तिने. आणि मिटलं. पान हातातून पडलं तरी उचललं नाही.

तो रडला नाही. मनगट पोटाशी धरून माझ्या शेजारून चालत गेला.

१७ नोव्हेंबर

रेल्याच्या हाताला प्लास्टर घातलंय. इस्पितळात त्याने जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. सेन्काकडे आहे. हे सगळं शेजारणीकडून. आई माझ्याशी बोलत नाही, समोर ताट ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवते.

पट्टा उचलून परत खिळ्याला लावला. दुसरं काय करणार त्याचं?

१८ नोव्हेंबर

ठीक आहे. मी एकटा. दाखवतो आता सगळ्यांना. मशीन धावलं की त्याच्यापुढे नेऊन ठेवीन. म्हणीन, हे बघ, ढिलंच होतं. मग तो काय म्हणेल? मग येईल. यावंच लागेल, शब्द दिलाय.

ब्लॉक बसवला, चारी स्क्रू अडेपर्यंत. शंभर. आणखी अर्धा फेरा. शंभर. मग स्प्रिंगाच काढून फेकल्या. ट्रकच्या इंजिनाला कुठे असतात स्प्रिंगा! नट लावले, पाना घेतला. एक कोपरा, दुसरा. ते तिरकं-समोरचं गेलं खड्ड्यात. घे. अजून घे. बोर्ड वाकायला लागला होता, दिसत होतं मला. वाटलं, वाकू दे, वाकल्याशिवाय बसत नाही काही. शिव्या देत होतो, मोठ्याने, त्याचं नाव घेऊन. घे रेल्या. हा घे. जातोस ग्राट्सला? हा घे!

कड्.

तोच आवाज. अगदी तोच. पाना हातात तसाच राहिला. या खेपेला आधी मनगट दिसलं डोळ्यांपुढे. मनगट तर तिथे नव्हतंच.

बोर्ड कोपऱ्यापासून मधोमध चिरलाय. मशीन मेलं. बेलग्रेड संपलं.

१९ नोव्हेंबर

सकाळी हातोडा घेऊन गॅरेजमध्ये गेलो. अख्खी पेटी फोडली. पंखे, काच, रेडिएटर. टाकी एका घावात फुटली, पाणी पायावर. शेजारचं कुत्रं भुंकत होतं, त्यालाही हातोडा दाखवला. श्वास लागेपर्यंत फोडलं.

ब्लॉक तेवढा फुटेना. घट्ट तांबं. हातोडा उसळून माझ्याच गुडघ्यावर आला. त्याचा इतका संताप आला की खाली बसलो, बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ते सहा स्क्रू काढले. रेल्या म्हणाला होता ते. तुला आतून फाडतो, म्हटलं.

खरंच पाच मिनिटांचं काम होतं.

आत तांब्याच्या पट्ट्या असतात, बारीक कंगव्याच्या दातांसारख्या, त्यांच्यामधून पाणी जातं. कंगवा दिसतच नव्हता. वर काळपट हिरवा गाळ थापलेला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. नखाने खरवडला. बोटांवर चोळला. पान आहे. पानाचे तुकडे, एक देठ.

नाकाजवळ नेलं. तुळस.

तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिलो. पेस्ट नाही, प्रोसेसर नाही, स्क्रू नाही. पाणी अडलं होतं. त्याने सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. पाद्र्याला तर मी दारातूनच परतवलं, मग पाण्यात तुळस आली कुठून? काठोकाठ भरलेली टाकी आठवली. आणि मला घरात जायची भीती वाटली. मला!

२० नोव्हेंबर

आज विचारलं. आई स्लावाच्या पावाचं पीठ मळत होती. बोटावरचा गाळ तिच्यासमोर धरला. तिने बघितलं आणि मळत राहिली.

"मीच ओतलं," म्हणाली. "कॉफी द्यायला आले होते. कुणी नव्हतं. झाकण उघडं होतं, पाणी कमी होतं. म्हटलं, मंतरलेलं आहे, यानेच चालू दे मशीन. म्हणजे पोर राहील. तुम्ही दोघं एका टेबलावर जेवाल." बाटलीच्या तळाशी राहिलेला पाला तिने गाळला नव्हता. आशीर्वाद कोण गाळतं?

मग म्हणाली, "तसं ओतायचीही गरज नव्हती. पंधराला रात्री तू झोपल्यावर त्याने मला सांगितलं, जिंकू नाहीतर हरू, मी जात नाही. तू फोन ऐकलास ना? त्यांना नाही म्हणून सांगत होता तो. तुला उद्या सांगणार होता, सगळ्यांसमोर, पाव मोडताना. तुझं तोंड बघायचं होतं त्याला."

"आणि आता?"

"आता परत हो म्हणालाय."

मी ओट्याला धरून उभा राहिलो. मग ओरडलोच. "मी त्याला मारत होतो तेव्हा तू दारात होतीस! एक शब्द बोलायचास! मी ओतलं म्हणायचंस! त्याचा हात वाचला असता!"

ती मागे सरकली. ओट्याच्या कोपऱ्यापर्यंत. पिठाचे हात चेहऱ्यासमोर आले होते तिचे.

"बोलले असते तर माझी पाळी आली असती," म्हणाली.

"मी? तुला?"

"तुझा बापपण सुरुवातीला असंच विचारायचा," आई म्हणाली. "मी? तुला?"

मी बाहेर आलो. मागे वळून बघितलं तर ती दारातून उघड्या गॅरेजच्या भिंतीकडे बघत होती, पट्ट्याच्या खिळ्याकडे. तो परत कुणी लावला, हे तिला विचारावं लागलं नाही.

२१ नोव्हेंबर

सकाळी उठलो तर घरात पाव भाजल्याचा वास नाही. आईचा पलंग आवरलेला. पूर्वेच्या भिंतीवर चौकोनी पांढरा डाग आणि खिळा. तसबीर नाही, मेणबत्ती नाही, पाव नाही.

तसबीर जिथे, स्लावा तिथे. म्हणजे स्टेशनमागे, सेन्काच्या खोलीत. यजमान आता रेल्या.

दार उघडं टाकलंय मघापासून. कुणी आलं नाही. दाढी केलीय, पांढरा शर्ट घातलाय. गेलो तर आज मला कुणी हाकलणार नाही, वैऱ्यालाही खुर्ची देतात.

स्लावाला बोलावणं नसतं. जन्मात पहिल्यांदा वाटतंय, असायला हवं होतं.